तोडणारा घाव, जोडणारा घाव

मूर्तिजापूरची ओळख रेल्वेचे जंक्शन अशी आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग इथून जातो आणि शकुंतला रेल्वेचे अचलपूर व यवतमाळ हे दोन फाटे इथूनच फुटतात. या गावाच्या जागेला आणखी एक अर्थ आहे, पण तो नकाशावर पट्टी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. इथून नैऋत्येला, सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर आहे. पूर्व-ईशान्येला साधारण १४० किलोमीटरवर नागपूर जिल्ह्यातले काटोल आहे. तिथे २२ मे २०१२ रोजी भर दुपारी आकाशातून दगड पडले. लोणारला आदळलेला दगड उरला नाही, त्याने फोडलेली जमीन मात्र उरली. काटोलला जमिनीवर खूण म्हणावी अशी काही उरली नाही, पण दगड हाती आले आणि ते प्रयोगशाळेत पोहोचले. एका ठिकाणी घाव आहे, पण घालणारा नाही. दुसऱ्या ठिकाणी कधीकाळी अंतराळात घाव सोसलेला दगड आहे, पण तो घाव बसला ती जागा आपल्यापासून कोट्यवधी किलोमीटर दूर आहे. अशनींच्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांच्या, अभ्यासातला एक जुना प्रश्न सोडवायला या दोन्ही साक्षी लागतात, आणि त्या दोन्ही वऱ्हाडाच्या टप्प्यात आहेत.

प्रश्न असा. पाषाणी अशनी करवतीने कापून त्याची कड घासून गुळगुळीत केली, की अनेकदा आत एकसंध खडक दिसतच नाही. दिसतात ते तुकडे: काही फिके, काही काळसर, काही वाटाण्याएवढे, काही मुठीएवढे, सगळे कोनदार, आणि त्यांच्या मधल्या जागा त्याच जातीच्या बारीक चुऱ्याने भरलेल्या. गिट्टी आणि वाळू घालून ओतलेले काँक्रीट कापले तर साधारण असेच दिसेल. अशा खडकाला मराठीत कोणाश्म म्हणतात. नदीच्या पात्रात वाहत आलेले गोटे एकमेकांना चिकटून बनलेल्या खडकात तुकडे गोल गुळगुळीत असतात, कारण पाण्याने त्यांच्या कडा झिजवलेल्या असतात. अशनीतल्या तुकड्यांच्या कडा मात्र धारदारच राहिलेल्या दिसतात. म्हणजे ते कुठून वाहत आलेले नाहीत. फुटले आणि फार न झिजता बसले. आता काँक्रीटमध्ये गिट्टी धरून ठेवायला सिमेंट आणि पाणी लागते. अशनी जिथून येतात त्या लघुग्रहावर नदी नाही, पाऊस नाही आणि वरच्या थरांचा भार पृथ्वीवरच्या मानाने नगण्य. मग हे तुकडे फोडले कोणी, आणि फुटल्यावर पुन्हा सांधले कोणी? या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे की या दोन प्रश्नांचे उत्तर बहुतांशी एकच आहे. ज्या आघाताने खडक फुटतो, तोच आघात चुऱ्याला सांधतोही. तोडणे आणि जोडणे ही दोन वेगळ्या कारागिरांची कामे नाहीत.

सर्वांत आधी मनात येणारी शंका साधी आहे. अशनी प्रचंड वेगाने वातावरणात शिरतो, धडाधड आवाज होतात, आकाशातच त्याचे तुकडे होतात. मग आतली फूटतूट याच प्रवासात झाली नसेल कशावरून? ही शंका आकड्यांपुढे टिकत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटर व्यासाचा दगड सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर वेगाने आला आणि आकाशात फुटला. अशा फुटण्याच्या वेळी हवेचा दाब फार तर काही मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या नेहमीच्या दाबाच्या काही दशपट असतो. मुळातच भेगाळलेला दगड त्या भेगांवर उकलायला एवढा दाब पुरतो. पण अशनीतल्या खनिजांमध्ये ज्या खुणा सापडतात त्यांना गिगापास्कलच्या पटीतला दाब लागतो, आणि एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट. दुसरा पुरावा डोळ्यांनी दिसणारा आहे. वातावरणातल्या उष्णतेने अशनीच्या अंगावर जो काळा पापुद्रा धरतो तो साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ असतो. आतला दगड तेवढ्या वेळात तापतसुद्धा नाही. हा पापुद्रा आतल्या तुकड्यांच्या आणि त्यांच्या सांध्यांच्या वरून सरसकट पसरलेला असतो. म्हणजे पापुद्रा धरला तेव्हा तुकडे आधीच सांधलेले होते. वातावरण अशनी फोडते हे खरे, पण ते फोडते आधीच जोडून तयार झालेला दगड.

तेव्हा कारण पृथ्वीच्या बाहेर शोधायला हवे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणारे लघुग्रह एकमेकांना आदळतात ते सरासरी सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर वेगाने. एवढ्या वेगाच्या धडकेत खडकाला वाकायला किंवा सरकायला सवड मिळत नाही. धडकेच्या जागेपासून एक आघाततरंग खडकातून ध्वनीपेक्षा अधिक वेगाने पसरतो. त्याच्या समोर खडक नेहमीच्या स्थितीत असतो आणि त्याच्या मागे तो एकदम कमालीचा दाबला गेलेला असतो. मध्ये संक्रमण असे जवळपास नसतेच. तरंग पुढे गेला की दाब उतरतो आणि दाबलेला खडक झटक्याने सैल होतो. दगड दाब पुष्कळ सोसतो, ताण मात्र फार थोडा सोसतो. त्यामुळे दाब सुटताना पडणारा ताण त्याला फोडून टाकतो. धडकेच्या अगदी जवळचा भाग वितळतो किंवा वाफ होतो, त्यापलीकडचा चुरा होतो, आणखी पलीकडचा मोठमोठ्या कोनदार ढेपांत फुटतो. एकाच धडकेतून वितळलेले, चुरडलेले आणि नुसते तडकलेले असे सर्व तऱ्हेचे साहित्य निघते आणि ते एकमेकांत मिसळून खाली बसते. हे सारे लघुग्रहावर घडताना कुणी पाहिलेले नाही. पण ते खडकात कसे उमटते हे पाहायला लोणारपर्यंत जाता येते.

लोणारचा पुरावा सहज मान्य झालेला नाही, आणि तो का झाला नाही हे समजून घेण्यासारखे आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, आहे. भोवती शेकडो किलोमीटर ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर पसरलेले असताना मधल्या गोल खळग्याला ज्वालामुखीचे तोंड समजणे अगदी स्वाभाविक होते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक भूवैज्ञानिकांनी तसेच समजले. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये अॅरिझोनातले मोठे विवर आणि लोणार यांतले साम्य नोंदवले, पण अॅरिझोनाचे विवरही त्यांनी जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाच्या खात्यात टाकले. साम्य बरोबर होते, निष्कर्ष चुकला. १९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डिएट्झ यांनी लोणार हे अशनीचे विवर असावे असा प्रश्न उघडपणे मांडला. त्याचा निकाल लागला तो पुढच्या दशकात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांनी सरोवराच्या तळात भोके पाडली तेव्हा. कुर्ट फ्रेडरिक्सन, एम. एस. बालसुंदरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

तळाच्या गाळातून सुमारे १०० मीटर खाली उतरल्यावर जे लागले ते थरांत मांडलेले बेसाल्ट नव्हते. ते फुटलेल्या बेसाल्टचे कोणाश्म होते. काही ठिकाणी मोठाले तुकडे, काही ठिकाणी अगदी बारीक चुरा आणि त्या चुऱ्यात काचेचे कण. इथे एक आक्षेप घेतला पाहिजे आणि तो भक्कम आहे. दख्खनच्या लाव्हाच्या कित्येक थरांचा माथाही तुकड्यातुकड्यांचा असतो. वाहत्या लाव्हावर साय धरावी तशी कडक झालेली पाठ खालच्या वाहत्या भागाबरोबर फुटते, तुकडे पुन्हा त्याच लाव्हात अडकतात आणि कोणाश्म तयार होतो. त्याला आकाशातल्या दगडाची गरज नाही. मग लोणारच्या तळातला कोणाश्म आघाताचा आणि हा लाव्हाचा, हे ठरवायचे कशावरून? नुसत्या तुकड्यांच्या आकारावरून हे ठरत नाही. तुकड्यांच्या आतल्या खनिजांवरून ठरते. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचे पांढुरके खनिज असते. त्याला सुमारे २० ते ४० गिगापास्कलचा आघात बसला की ते न वितळताच काचेसारखे होते: स्फटिकाचा बाह्य आकार तसाच राहतो, आतली अणूंची शिस्त मात्र मोडून पडते. या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात आणि तो पहिल्यांदा ओळखला गेला तो बिहारमध्ये १८६५ साली पडलेल्या शेरघाटीच्या अशनीत, १८७२ मध्ये. लाव्हाच्या प्रवाहात उष्णता भरपूर असते, पण असा दाब कधीच नसतो. लोणारच्या बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट मिळाले आणि ज्वालामुखीचा पर्याय तिथेच संपला.

लोणारचे महत्त्व याहून पुढे जाते. १९७६ मध्ये सुझन किफर आणि सहकाऱ्यांनी लोणारचे आघात सोसलेले बेसाल्ट तपासून, आणि तसेच आघात प्रयोगशाळेत घडवून, त्यांची पायरीपायरीने प्रतवारी लावली. पहिल्या पायरीवर खडक नुसता तडकतो. दुसरीवर मॅस्केलिनाइट दिसते. त्यापुढे प्लॅजिओक्लेज वितळून वाहू लागते, मग इतर खनिजे वितळतात आणि सुमारे ८० गिगापास्कलच्या पुढे सगळा खडकच वितळून जातो. एकाच विवराच्या परिसरात या सर्व पायऱ्यांचे तुकडे मिळतात, आणि कित्येकदा एकाच मुठीभर कोणाश्मात वेगवेगळ्या पायऱ्यांचे कण शेजारी शेजारी सापडतात. शेजारी बसलेल्या दोन कणांना इतका वेगवेगळा दाब एकाच जागी बसणे शक्य नाही. ते वेगवेगळ्या अंतरावर फुटले आणि नंतर एकत्र आले. पाषाणी अशनी सूक्ष्मदर्शकाखाली घातला की तिथेही हेच दिसते: साधारण तडकलेला तुकडा, त्याला लागून वितळून थिजलेला कण, आणि त्यांच्या मध्ये चुरा. बेसाल्ट हा चंद्रावरचा आणि काही लघुग्रहांवरचाही मुख्य खडक असल्याने हा पडताळा अधिकच मोलाचा ठरतो. पृथ्वीवर बेसाल्टातले इतके चांगले टिकलेले विवर दुसरे नाही.

इतके मान्य केले तरी लोणारवरून गोष्ट अर्धीच सिद्ध होते, हेही मान्य करायला हवे. लोणारला घाव एकदाच बसला. फुटलेले साहित्य पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने लगेच खाली बसले, त्यावर पाणी साचले, गाळ बसला, झरे वाहिले. तिथल्या तुकड्यांना धरून ठेवणाऱ्या गोष्टींत पाण्यातून आलेल्या खनिजांचाही वाटा असू शकतो. शिवाय बेसाल्ट घट्ट आणि अंगाने भरीव. लघुग्रहाच्या पृष्ठभागावरचा चुरा पोकळ आणि सैल. म्हणून 'आघात फोडतो' हे लोणार दाखवते, पण 'आघात जोडतो' हे दाखवायला दुसरा साक्षीदार लागतो. तो काटोल.

काटोलचा दगड कोंड्राइट जातीचा आहे. सूर्यमालेच्या सुरुवातीला, सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी, तयार झालेल्या गोल कणांपासून हे दगड बनलेले असतात. त्यातही तो एल-६ गटातला, म्हणजे लोह बेताचे असलेला आणि आपल्या मूळ लघुग्रहाच्या पोटात बराच काळ सुमारे ८०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत शेकला गेलेला. इतक्या शेकण्यात मूळ गोल कणांच्या कडा पुसट होतात आणि सगळा दगड पुन्हा स्फटिकमय होतो. त्यानंतर कधीतरी त्याला मोठा आघात बसला. त्याची खूण म्हणजे दगडातून गेलेल्या बारीक काळ्या शिरा. या शिरा म्हणजे आघाताच्या वेळी वितळून तत्क्षणी थिजलेला खडकच. खडगपूरच्या आयआयटीतील सुजय घोष आणि सहकाऱ्यांनी या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज शोधले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरखाली हे खनिज सर्वांत जास्त आहे, पण तिथून ते वर कधी येत नाही, कारण दाब कमी झाला की ते टिकत नाही. काटोलच्या शिरेत ते सुमारे २३ ते २५ गिगापास्कल दाबाखाली वितळलेल्या खडकातून स्फटिकरूपाने घडले. एवढ्या दाबाला लघुग्रहाची खोली पुरत नाही. मोठ्यात मोठ्या लघुग्रहाच्या केंद्रातही तो नसतो. तो फक्त धडकेतून येतो.

इथे एक शंका रास्त आहे. आघाताचा दाब क्षणभर टिकतो. इतक्या अवधीत खडक वितळणार, त्यात नवे खनिज घडणार आणि ते थिजणार, हे कसे? उत्तर शिरेच्या जाडीत आहे. आघाततरंग सारख्या घनतेच्या खडकातून जातो तेव्हा उष्णता बेताची तयार होते. पण जिथे पोकळी, भेग किंवा दोन वेगळ्या कणांची कड असते तिथे दाबाने पोकळी मिटते, कड कडेवर घासते आणि सगळी ऊर्जा त्या अरुंद जागी उष्णता होऊन उतरते. म्हणून वितळतात त्या फटी आणि कडा. तुकड्यांचे पोट तुलनेने थंडच राहते. हे थंड पोटच मग वितळलेल्या शिरेची उष्णता झटपट शोषून घेते. शीर जितकी बारीक तितकी ती लवकर थिजते, आणि दाब उतरण्याआधी थिजली तर दाबाखाली जन्मलेले खनिज तसेच अडकून राहते. काटोलमधले ब्रिजमनाइट अशा घाईचाच पुरावा आहे. आता हेच गणित सैल चुऱ्याला लावून पाहावे. चुऱ्यात पोकळी जास्त, कडा असंख्य. तेव्हा भरीव खडकाला नुसते तडे पाडणारा आघात चुऱ्याला मात्र कणाकणाच्या कडेवर किंचित वितळवतो, पोकळ्या मिटवतो आणि थिजताना सगळे एकत्र बांधून टाकतो. सिमेंट बाहेरून आणावे लागत नाही, ते दगडातूनच निघते. कोणाश्म जातीच्या अशनींमध्ये कणांच्या मधल्या जागेत सापडणारी काचेची पातळ भर हीच आहे, आणि प्रयोगशाळेत खडकाच्या पुडीवर आघात करून अशी सांधणी प्रत्यक्ष घडवताही आली आहे.

पण हे तुकडे सांधण्याआधी खरोखरच लघुग्रहाच्या उघड्या पृष्ठभागावर पडून होते, याला पुरावा काय? कदाचित ते खोलवरच फुटले आणि तिथेच दबून चिकटले असतील. यावरचे उत्तर सूर्याने लिहून ठेवलेले आहे. सूर्यापासून सतत वाहणारे हेलियम, निऑनचे कण उघड्या खनिजात शिरतात, पण शिरतात ते मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. सूर्याच्या वादळातले अधिक ताकदीचे कण थोडे खोल जातात आणि स्फटिकात सूक्ष्म रेषा कोरतात. काही कोणाश्म अशनींमध्ये फिके तुकडे वायूरहित असतात आणि त्यांच्या मधला काळा चुरा मात्र सूर्याच्या वायूंनी भरलेला असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि आर. एस. राजन यांनी अशा अशनींमधले सुटे स्फटिक घेऊन त्यांतल्या रेषा तपासल्या आणि १९६९ मध्ये निष्कर्ष मांडला: कित्येक स्फटिकांच्या कडांवर रेषांची गर्दी होती, आणि तीही चहूबाजूंनी. दगडाच्या आत पुरलेल्या कणावर सर्व बाजूंनी ऊन पडत नाही. म्हणजे तो कण एकेकाळी सुटा होता, पृष्ठभागावर होता आणि छोट्या मोठ्या धडकांनी उलथापालथ होऊन त्याच्या बाजू आळीपाळीने सूर्याकडे येत होत्या. त्यानंतर तो पुरला गेला आणि सांधला गेला. एका अशनीचा इतिहास असा एकेका कणाच्या कडेवरून वाचता येतो.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे खोलीचा पुरावाही तितकाच नेमका आहे. काही कोणाश्मांत जेमतेम तापलेला तुकडा आणि काटोलसारखा पूर्ण शेकलेला तुकडा एकमेकांना लागून बसलेले असतात. शेकलेला तुकडा मूळ लघुग्रहाच्या खोल भागातला, न शेकलेला वरचा. एकत्र आल्यावर ते तापले असते तर दोघेही सारखेच शेकले असते. म्हणजे आधी तापणे, मग फुटणे आणि मिसळणे, मग सांधणे, हा क्रम बदलता येत नाही. वेस्टा या सुमारे ५२५ किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहाने हे अधिक ठळक केले. त्याच्या कवचाचे बेसाल्ट आणि त्याखालचे जड खडक, या दोन्हींचे तुकडे एकत्र असलेल्या अशनींना हॉवर्डाइट म्हणतात. ३० ऑक्टोबर १९९४ रोजी राजस्थानात लोहावतला असाच एक पडला. त्यातल्या खालच्या खडकाची जात डायोजेनाइट, आणि तिचा एक नमुना आपल्या खानदेशातल्या मानेगावला २९ जून १८४३ रोजी पडल्याची नोंद आहे. २०११-१२ मध्ये डॉन यान वेस्टाभोवती फिरले तेव्हा दक्षिण ध्रुवावर सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे विवर जवळून दिसले. कवच फोडून खालचा खडक वर काढायला एवढा घाव नक्कीच पुरेसा होता.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप गुरुत्वाकर्षणाचा आहे. वेस्टा मोठा आहे, पण बहुतेक लघुग्रह लहान. तिथे धडक बसली की तुकडे अंतराळात उडून जातील. पुन्हा खाली बसून सांधले जातील कसे? हा आक्षेप २००५ पर्यंत जोरात होता. त्या वर्षी जपानचे हायाबुसा यान इतोकावा या जेमतेम अर्ध्या किलोमीटर लांबीच्या लघुग्रहापाशी पोहोचले. तो एक अखंड खडक नव्हता. दगडगोट्यांचा ढीग होता, आणि त्याचा सुमारे ४० टक्के भाग पोकळी होती. २०१० मध्ये पृथ्वीवर आलेले त्याचे कण साध्या कोंड्राइटशी जुळले आणि त्यांतले बरेच सुमारे ८०० अंशांपर्यंत शेकलेले निघाले. अर्ध्या किलोमीटरच्या पिंडात इतकी उष्णता साठून राहू शकत नाही. तेव्हा इतोकावा हा एका कितीतरी मोठ्या, आत तापलेल्या लघुग्रहाच्या फुटीनंतर पुन्हा गोळा झालेला ढीग आहे. वेगाने उडालेले तुकडे निसटले हे खरे, पण संथ उडालेले एकमेकांच्याच ओढीने परत आले. एका मोठ्या फुटीचा हिशेब तर पृथ्वीवरच्या चुनखडीतही सापडला आहे. एल गटाच्या कित्येक अशनींमध्ये सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या आघाताची खूण आहे, आणि स्वीडनमध्ये त्याच काळातल्या समुद्राच्या तळाच्या चुनखडीत त्याच गटाचे शंभराहून अधिक अशनी खडकात गाडलेले मिळाले आहेत. परके तुकडे मिसळतात याचा पुरावा ७ ऑक्टोबर २००८ रोजी सुदानच्या वाळवंटात पडला. एकाच लहान लघुग्रहातून आलेले ते दगड अगदी वेगवेगळ्या जातींचे होते.

सर्व कोणाश्मांना हे एकच स्पष्टीकरण चिकटवले तर ते चुकेल. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावात पडलेला अशनी कार्बनयुक्त आणि मृदू जातीचा. त्याच्या मूळ पिंडावर बर्फ वितळून पाणी फिरले होते आणि त्यातून चिकणमातीसारखी खनिजे तयार झाली होती. अशा दगडांत तुकडे धरून ठेवण्यात काचेपेक्षा त्या मऊ खनिजांचे दबणे महत्त्वाचे असते. काही ठिकाणी धडकेतून उडालेले तप्त साहित्य थंड चुऱ्यावर जाडसर बसते आणि हळूहळू निवताना त्याला भाजून घट्ट करते. पण या अपवादांत पाणी आणि उष्णता सांधणीचा तपशील बदलतात, फोडणारे कारण नाही. चुरा तयार करणे, वेगवेगळ्या खोलीचे तुकडे एकत्र आणणे आणि त्यांना दाबणे ही कामे तिथेही धडकेनेच केली. मुख्य म्हणणे कायम राहते: वातावरणविरहित पिंडावर खडकाचे घडणे आणि मोडणे हे एकाच क्रियेचे वेगवेगळ्या दाबांवरचे परिणाम आहेत. घाव पुरेसा मोठा असला तर पिंड फुटतो, मध्यम असला तर पृष्ठभाग चुरडतो, आणि चुरा आधीच साठलेला असला तर तोच मध्यम घाव त्याला दगडाचे रूप देतो. आणखी एक घाव बसला की तो दगड पुन्हा फुटतो. म्हणूनच काही अशनींमध्ये तुकड्यांच्या आत तुकडे आणि त्यांच्याही आत तुकडे दिसतात. प्रत्येक आवरण म्हणजे एक फुटणे आणि एक सांधणे.

हा विचार पटला तर त्याचा एक व्यवहारातला परिणाम आहे. कोणाश्म अशनीची सगळी माहिती तुकड्यांमध्ये जेवढी असते त्याहून अधिक त्यांच्या सांध्यांमध्ये असते: कोणता तुकडा कुणाला लागून आहे, मधली काच कुठे जाड आहे, चुऱ्यात सूर्याचे वायू आहेत की नाहीत. दगड पडल्यावर आत काय आहे हे बघायला हातोडा मारला, आणि एकेक तुकडा एकेकाने घरी नेला, की नेमके हे सांधेच नष्ट होतात. लोखंड आहे का बघायला लोहचुंबक लावला, तर दगडाने अंतराळापासून जपलेला चुंबकीय ठसा पुसला जातो. धुतला तर पाण्यात विरघळणारी खनिजे जातात. वऱ्हाडच्या काळ्या मातीत, जिथे शेतात दगड मुळातच कमी, तिथे आकाशातून पडलेला काळ्या पापुद्र्याचा दगड ओळखणे तुलनेने सोपे आहे. तो जसा पडला तसा कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळावा, जागा आणि वेळ लिहून ठेवावी आणि तहसील कार्यालयामार्फत किंवा थेट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. काटोलच्या शिरेतल्या ब्रिजमनाइटसाठी नऊ वर्षे वाट पाहावी लागली, आणि ते सापडू शकले कारण दगडाचा तेवढा भाग शिरेसकट शाबूत राहिला होता.